अवजारांची खोली आणि दुसरी चोरी

शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची गांवाबाहेर थोडीबहुत जमीन असते. कोणाचा अर्ध्या एकराचा मळा असतो, कोणाची आंब्याची लहानशी वाडी, तर कोणाच्या बंगल्यामागें भाजीचे चार वाफे. जमीन आली कीं पाणी आलें, पाणी आलें कीं पंप आला, आणि पंपाच्या पाठोपाठ गवत कापण्याचें यंत्र, फवारणीचा पंप, रबरी नळ्या, पहारी, फावडीं, कुदळी असा सारा संसार गोळा होतो. हा संसार ठेवण्यासाठीं कोपऱ्यांत एक पत्र्याची खोली उभी राहते. ती बांधतांना मालकाच्या मनांत पाऊस असतो, ऊन असतें, उंदीर आणि वाळवीही असते; चोर मात्र नसतो. राहत्या घराच्या दाराची कडी चारचौघांना विचारून बसविणारा गृहस्थ या खोलीला बाजारांत मिळेल ती कडी, मिळतील ते चार स्क्रू आणि घरांत पडून असलेलें जुनें कुलूप लावतो आणि निश्चिंत मनानें शहरांत परत येतो.

मग एखाद्या रविवारीं तो मळ्यावर जातो तों खोलीची कडी उखडलेली, दार उघडें आणि गवत कापण्याचें यंत्र नाहींसें झालेलें. थोडी हळहळ होते, माळ्यावर संशय घेतला जातो, शेजारीपाजारीं चर्चा होते आणि अखेर नवें यंत्र व पूर्वीच्या दुप्पट वजनाचें कुलूप विकत आणलें जातें. महिना-दीड महिना जातो. पुन्हां एके सकाळीं खोली उघडी सांपडते. या खेपेस कुलूप जागच्या जागीं शाबूत असतें. दार मात्र बिजागऱ्यांच्या बाजूनें निखळलेलें असतें. पहिल्या चोरीनें पैसे जातात. दुसऱ्या चोरीनें त्या जागेवरचें मनच उडतें. हौसेनें लावलेली बाग ओसाड टाकणारे किंवा जमीनच विकावयास काढणारे लोक बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या चोरीनंतर तसें करतात. तेव्हां चोर त्याच खोलीकडे पुन्हां कां येतो, आणि मधल्या त्या दीड महिन्यांत काय करतां आलें असतें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

एकदां चोरी झाली, मालक सावध झाला, आतां चोर कांहीं इकडे फिरकावयाचा नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. अनुभव याच्या उलट आहे. इंग्लंडांत मँचेस्टरच्या उत्तरेस रॉचडेल नांवाचें गांव आहे. त्या गांवच्या कर्कहोल्ट या वस्तींत त्या वेळीं सुमारे सव्वादोन हजार घरें होतीं. तेथें घरफोड्या फार वाढल्या, म्हणून १९८५ च्या सुमारास पोलीस, विद्यापीठांतील अभ्यासक व इतर अधिकारी यांनीं मिळून घरफोड्यांच्या नोंदी बारकाईनें तपासल्या. त्यांत असें दिसून आलें कीं, एकदां फोडलेलें घर पुन्हां फोडलें जाण्याचा संभव इतर घरांच्या चौपटीहून अधिक आहे. तेव्हां साऱ्या वस्तीला उपदेश करीत बसण्याऐवजीं, नुकतीच चोरी झालेल्या घरांवर सारी शक्ति एकवटण्याचें ठरलें. त्या घरांत नाणीं टाकून चालणारे गॅसचे व विजेचे मीटर असत आणि त्यांतील नाणीं हेंच चोराचें मोठें आमिष असे. ते मीटर काढून टाकण्यांत आले. दारें-खिडक्या पक्क्या केल्या. आणि त्या एका घरावर लक्ष ठेवावें, अशी भोंवतालच्या पांचसहा शेजाऱ्यांना विनंति करण्यांत आली. तीन-चार वर्षांत त्या वस्तींतील घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशानें उतरल्या. पुढें इतर देशांत झालेल्या अभ्यासांतूनही हेंच आढळलें कीं, दुसऱ्या चोरीचा धोका पहिल्या चोरीनंतरच्या दिवसांत सर्वांत मोठा असतो, आणि काळ लोटतो तसा तो कमी होत जातो.

याचें कारण गूढ नाहीं. चोराला सर्वांत मोठें भय अनोळखी जागेचें असतें. आंत काय आहे, कोण झोपतें, कुत्रें आहे कीं नाहीं, दार कोणत्या बाजूस उघडतें, यांतील कांहींच त्याला पहिल्या खेपेस ठाऊक नसतें. दुसऱ्या खेपेस हें सारें त्याला ठाऊक असतें. शिवाय पहिल्या रात्रीं जें उचलतां आलें नाहीं तें आंत शिल्लक आहे, हेंही तो पाहून गेलेला असतो. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, मालक नवें यंत्र आणणार हें त्याला पक्कें माहीत असतें. जुनें यंत्र विकून जेवढें येईल त्याहून नव्याचे अधिक येणार. म्हणजे मालकानें घाईनें नवें यंत्र आणून त्याच खोलींत, त्याच कडीमागें ठेविलें, तर तें चोरासाठींच आणून ठेविल्यासारखें होतें. यावरून पहिला नियम निघतो तो हा: चोरीनंतर आधीं खोली सुधारावी, मग यंत्र आणावें. ती सुधारणा महिनाअखेरपर्यंत लांबणीवर टाकूं नये. तिला खरी किंमत पहिल्या आठवड्यांतच आहे.

आतां सुधारणा म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. बहुतेकांच्या मनांत प्रथम कुलूप येतें. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा या प्रख्यात कारागिराच्या पेढीनें दुकानाच्या खिडकींत एक कुलूप मांडून ठेविलें होतें. तें किल्लीवांचून उघडण्याचें साधन जो तयार करील त्याला २०० गिनी बक्षीस मिळेल, अशी पाटी त्याच्यासोबत होती. अर्धशतकाहून अधिक काळ तें बक्षीस कोणालाही जिंकतां आलें नाहीं. १८५१ सालीं लंडनांत भरलेल्या महाप्रदर्शनाच्या निमित्तानें आल्फ्रेड हॉब्स हा अमेरिकन कुलूपवाला तेथें आला होता. त्यानें हें आव्हान स्वीकारलें आणि १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून कुलूप उघडून दाखविलें. अभेद्य कुलूप जगांत नाहीं, असा याचा अर्थ लोक करतात व तो बरोबरही आहे. कुलपानें चोराला अटकाव होत नाहीं, उशीर होतो. चांगल्या कुलपानें अधिक उशीर होतो, एवढेंच.

परंतु या गोष्टींत दुसराही एक बोध आहे आणि खोलीच्या मालकाला तो अधिक उपयोगी आहे. हॉब्सजवळ कौशल्य होतें, मालकाची परवानगी होती आणि ५१ तास होते. मळ्यांतील खोलीपाशीं येणाऱ्या चोराजवळ यांपैकीं कांहीं नसतें. कुलूप उघडण्याची विद्या त्याला येत नाहीं आणि तिची त्याला गरजही भासत नाहीं. त्याच्या हातांत एक पहार असते. आणि पुष्कळदां ती मालकानेंच खोलीबाहेर भिंतीशीं टेकवून ठेविलेली असते. पहारीचें टोंक कडीखालीं घालून एक हिसका दिला कीं पावसानें नरमलेल्या लाकडांतून चारही स्क्रू बाहेर येतात, आणि कितीही भारी किंमतीचें कुलूप असो, तें कडीसकट जमिनीवर पडतें. आपल्या देशांत चांगल्या कुलपांचा तुटवडा नाहीं. अर्देशीर गोदरेज यांनीं मुंबईंत १८९७ सालीं कुलपांचा धंदा सुरू केला. अलीगड आणि दक्षिणेंतील दिंडिगल हीं गांवें तर कुलपांसाठीं प्रसिद्धच आहेत. तुटवडा आहे तो कुलूप ज्यांत अडकवावयाचें त्या कडी-कोयंड्याकडे, त्यामागच्या लाकडाकडे आणि त्या लाकडामागच्या भिंतीकडे पाहण्याच्या संवयीचा.

ही संवय लावून घेण्याचा एक सोपा उपाय आहे. मालकानें एकदां आपली किल्ली हरवली आहे असें समजावें आणि खोलीभोंवतीं दहा मिनिटें फिरावें. आंत जावयाचें आहे, हातांत एक पहार व एक पाना आहे. तर कोठून जातां येईल? बहुतेक खोल्यांत चार वाटा सांपडतात. पहिली कडीची, ती वर सांगितलीच. दुसरी बिजागऱ्यांची. दार बाहेर उघडणारें असेल तर बिजागरीची खीळ बाहेर दिसते आणि ती खालून ठोकली कीं निघून येते. तिसरी छपराची. पत्रे ज्या हुकांनीं बसविलेले असतात त्यांचे नट वरच्या बाजूस असतात; एक पत्रा सोडविण्यास पान्यावांचून कांहीं लागत नाहीं. चौथी खिडकीची. हिला पुष्कळदां नुसती जाळी खिळ्यांनीं ठोकलेली असते.

या चारही वाटा बंद करण्यास फार मोठा खर्च येत नाहीं. गांवांतील सुतार व वेल्डिंगवाला यांचें एका दिवसाचें काम असतें. कडी स्क्रूंनीं न बसवितां दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टांनीं बसवावी. बोल्टाचें गोल, गुळगुळीत डोकें बाहेर असावें म्हणजे त्याला पाना लागत नाहीं. नट आंतल्या बाजूस असावा आणि त्याच्याखालीं जाड लोखंडी पट्टी असावी, म्हणजे हिसका एका ठिकाणीं न बसतां साऱ्या फळीवर वांटला जातो. चौकटीवरील कोयंड्याचीही हीच व्यवस्था करावी, कारण जोडींतील दुबळा भाग जेवढा पक्का तेवढीच जोडी पक्की. बिजागरीच्या खिळीवर वेल्डिंगचा एक ठिपका द्यावा. त्याहून चांगलें म्हणजे दाराच्या बिजागरीकडील कडेवर दोन लोखंडी खुंट्या बसवाव्यात व चौकटींत त्यांच्यासाठीं भोंकें पाडावींत. दार लागलें कीं खुंट्या भोंकांत शिरतात आणि मग बिजागऱ्या कापल्या तरी दार निघत नाहीं. पत्र्याच्या हुकांचीं टोंकें नटावर ठोकून पसरावींत, किंवा छपराखालीं आंतून लोखंडी जाळी मारावी. खिडकीचे गज चौकटीला न ठोकतां भिंतींत गाडावेत, आणि आंतून जाड पडदा लावावा, म्हणजे आंत काय आहे हें बाहेरून दिसणार नाहीं. एवढें झाल्यावर मग कुलूप. त्याचा आंकडा जाड व आखूड असावा. लांब आंकड्यांत पहार सहज शिरते. शक्य तर दाराच्या वरच्या व खालच्या अंगास एकेक अशीं दोन कुलपें असावींत. आणि किल्ली कुंडीखालीं ठेवूं नये. सर्व किल्ल्या कुंडीखालींच असतात, हें मालकाआधीं चोराला माहीत असतें.

दार फुटलेंच तर आंत दुसरी तटबंदी असावी. खोलींत कॉंक्रिटची जमीन करतांना तिच्यांत जाड सळईची एक मोठी कडी रोवून घ्यावी. या कडीतून मजबूत सांखळी ओवून ती यंत्राच्या सांगाड्यांतून फिरवावी व कुलूप लावावें. सांखळी यंत्राच्या मुठीतून ओवूं नये. मूठ दोन नटांवर सुटते. पहार, कुदळ, करवत, शिडी हीं सारी हत्यारें खोलीच्या आंतच असलीं पाहिजेत, आणि तींही एका सांखळींत ओवलेलीं असलेलीं बरीं. या प्रत्येक अडसरानें चार-पांच मिनिटांची भर पडते आणि आवाज वाढतो. चोराला थोडा वेळ आणि पूर्ण शांतता या दोनच गोष्टी हव्या असतात. त्या दोन्ही त्याला मिळूं न देणें हेंच सर्व उपायांचें सार आहे.

कांहीं वस्तूंच्या बाबतींत मात्र सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्या तेथें न ठेवणें. गवत कापण्याचें यंत्र आणि फवारणीचा पंप खांद्यावर टाकून नेण्याजोगे हलके असतात; चोराला ते जसे सोयीचे तसे मालकालाही ते शहरांतील घरीं आणावयास सोयीचे. पेट्रोलचा डबा तर खोलींत कधींच ठेवूं नये; चोरी झाली नाहीं तरी आगीचें भय राहतेंच. मोठी यंत्रें हलविण्यास वाहन लागतें. म्हणून जेथून वाहन आंत येतें त्या फाटकाला कुलूप असावें आणि फाटकाखेरीज इतर बाजूंनीं गाडी खोलीपर्यंत पोंचणार नाहीं अशा बेतानें दगड किंवा खांब रोवावेत. ज्याला पॉवर टिलर पाठीवर न्यावयाचा आहे तो फार लांब जात नाहीं.

पाण्याच्या पंपाची गोष्ट थोडी निराळी आहे. येथें चोराला पुष्कळदां यंत्र नकोच असतें. त्याला हवें असतें तांबें. पंपाच्या मोटरींतील गुंडाळी बहुधा तांब्याच्या तारेची असते, आणि विहिरीपर्यंत जाणारी केबलही तांब्याची असली तर चोराच्या दृष्टीनें ती उघड्यावर टाकलेली रक्कमच होय. वरचें आवरण जाळून टाकलें कीं उरलेल्या धातूवर मालकाचें नांव राहत नाहीं, आणि भंगारांत तो वजनावर विकला जातो. चोराला मिळतें त्याच्या कितीतरी पट मालकाचें नुकसान होतें. कारण उन्हाळ्यांत आठ दिवस पाणी तुटलें कीं वाफे वाळतात, आणि नवी रोपें तर त्याआधींच माना टाकतात. यासाठीं केबल उघडी न सोडतां जमिनींत पुरलेल्या नळींतून न्यावी. जाणत्या वीजतंत्र्याच्या सल्ल्यानें तांब्याऐवजीं ॲल्युमिनियमची तार वापरतां आली तर पाहावी. ती अधिक जाडीची घ्यावी लागते, पण भंगारांत तिला तांब्याचा भाव येत नाहीं. मोटर पायाला पक्क्या बोल्टांनीं बसवून नटांवर वेल्डिंगचा ठिपका द्यावा. दुरुस्तीच्या वेळीं तो तोडण्याचा त्रास पडेल, पण तो त्रास चोरालाही पडेल. हल्लीं मोबाइलवरून चालू-बंद करतां येणारे स्टार्टर मिळतात. त्यांपैकीं कांहींत वीज गेल्याची किंवा तार तुटल्याची सूचना मालकाच्या मोबाइलवर येण्याची सोय असते. शहरांत राहणाऱ्या मालकाला ही सोय घेण्याजोगी आहे.

सूचना आली तरी धांवून जाणारें कोणी जवळ असावें लागतें. हीच गोष्ट दिव्याची व कॅमेऱ्याची. माणसाची चाहूल लागतांच उजळणारा सौर दिवा खोलीवर अवश्य लावावा; पण त्या उजेडांत चोर पाहणारा डोळा कोणाचा, हा प्रश्न उरतोच. कॅमेरा चोराचें चित्र टिपतो, त्याचा हात धरीत नाहीं. म्हणून खोली कोठें आहे आणि ती कोणाला दिसते, याला यंत्रांहून अधिक महत्त्व आहे. कित्येक मालक खोली ओंगळ दिसते म्हणून तिच्याभोंवतीं दाट झुडपें लावतात. त्यायोगें चोराला आयता आडोसा मिळतो. खोलीजवळचीं झुडपें कमरेच्या खालीं छाटलेलीं असावींत. कांटेरी कुंपण हवें तें मळ्याच्या हद्दीवर: करवंद, चिलार, बोगनवेल, घायपात हीं झाडें फारसें पाणी न मागतां हें काम उत्तम करतात.

आणि डोळे म्हणजे शेजाऱ्यांचे डोळे. कर्कहोल्टच्या वस्तींत जें घडलें त्यांत मजबूत दारांइतकाच त्या पांचसहा शेजाऱ्यांचा वांटा होता. मळ्याचे शेजारी म्हणजे पलीकडचा शेतकरी, पहांटे जाणारा दूधवाला, गुरें चारणारा मुलगा, पाणी सोडणारा माळी. शहरांतून आठवड्यास एकदां येणाऱ्या मालकाहून ती जागा यांना अधिक परिचयाची असते. रात्रीं अनोळखी गाडी थांबली तर यांपैकीं कोणीतरी ती पाहतोच. तो मालकाला कळवितो कीं मान वळवून झोपतो, हें मालक त्याच्याशीं एरवीं कसा वागतो यावर अवलंबून असतें. चोरीनंतर पहिला संशय माळ्यावर घेण्याची जी रीत आहे ती अन्यायाची तर खरीच, पण अव्यवहारीही आहे. संशय सरसकट सर्वांवर घेतला कीं राखण करणारे डोळे मिटतात, आणि मग खोली खरोखरच एकटी पडते. आपला मोबाइल क्रमांक या चौघांजवळ देऊन ठेवणें आणि हंगामांत भाजीची एक जुडी त्यांच्या घरीं पोंचविणें, हें कोणत्याही कुलपाहून स्वस्त रक्षण आहे.

चोरी झालीच तर पोलिसांत फिर्याद दिली पाहिजे. वस्तु परत मिळत नाहीं, मग फिर्याद कशाला, असें म्हणून पुष्कळ सुशिक्षित लोकही घरीं बसतात. परंतु फिर्यादी नोंदल्या गेल्या नाहींत तर त्या भागांत चोऱ्या होत आहेत हें कागदावर येतच नाहीं, आणि जें कागदावर नाहीं त्याच्यासाठीं गस्त वाढत नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यांत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण राहत्या घरांतून किंवा मालमत्ता ठेवण्यासाठीं वापरलेल्या इमारतींतून चोरी केली तर ती सात वर्षांपर्यंत जाऊं शकते. म्हणजे अवजारांच्या कोठाराला कायद्यानें घराच्या पंक्तीस बसविलें आहे. चोरीचा माल आहे हें जाणून, किंवा तसें वाटण्यास कारण असतांना, तो अप्रामाणिकपणें घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फिर्यादीची नक्कल फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे असाही कायदा आहे, आणि गुन्हा कोठेंही घडला असला तरी तिची नोंद कोणत्याही ठाण्यांत करून घेतां येते.

फिर्याद देतांना मात्र ‘एक यंत्र गेलें’ एवढ्यानें भागत नाहीं. म्हणून प्रत्येक यंत्राचा क्रमांक, बनावट, खरेदीची तारीख, बिल व छायाचित्र घरीं एका वहींत असावें. यंत्रावरील क्रमांकाची पट्टी सहज उपटतां येते. यासाठीं यंत्राच्या अंगावरच आपलें नांव वा खूण ठोकून, कोरून घ्यावी. कोरलेलें यंत्र कुरूप दिसतें खरें; पण तें विकतांना चोराची जीभ अडखळते. याच न्यायानें, जुनें यंत्र स्वस्तांत मिळतें म्हणून बिलावांचून घेणाऱ्या गृहस्थानें थोडा विचार करावा. आज त्यानें घेतलेलें यंत्र दुसऱ्या कोणाच्या खोलींतून आलेलें असेल, तर उद्यां त्याच्या खोलींतून जाणाऱ्या यंत्राचें गिऱ्हाईकही तोच आपल्या हातानें तयार करीत असतो.

शेवटीं एका धोक्याविषयीं सांगणें अवश्य आहे. दोन-तीन चोऱ्या झाल्या कीं मालकाच्या मनांत रक्षणाची जागा सूडाची इच्छा घेते. इंग्लंडांत ब्रिस्टलजवळ होल्ब्रुक नांवाच्या गृहस्थाची भिंतीनें वेढलेली बाग होती. तींत तो मौल्यवान ट्यूलिप लावीत असे. फुलें व त्यांचे कंद चोरीस गेले तेव्हां त्यानें बागेंत तारेला पाय लागतांच उडणारी बंदूक बसविली. तशी सूचना देणारी पाटी मात्र लावली नाहीं. २१ मार्च १८२५ रोजीं शेजाऱ्याची एक लांडोर उडून त्या बागेंत शिरली. तिला धरून आणण्यासाठीं बर्ड नांवाचा १९ वर्षांचा तरुण भिंत चढून आंत उतरला आणि गोळीबारानें त्याच्या गुडघ्यास गंभीर जखम झाली. तो चोर नव्हता. शेजारधर्म करावयास आला होता. १८२८ सालीं न्यायालयानें होल्ब्रुकला नुकसानभरपाईस जबाबदार धरलें. त्याआधींच, १८२७ सालीं, पार्लमेंटानें अशा बंदुका बसविण्यास बंदी केली होती. रात्रीं राहत्या घराच्या रक्षणापुरता काय तो अपवाद ठेविला होता.

दोनशें वर्षांपूर्वींच्या त्या बंदुकीची जागा आपल्याकडे विजेच्या उघड्या तारेनें घेतली आहे. रानडुकरांसाठीं म्हणून, किंवा चोरांसाठीं म्हणून, कुंपणाच्या तारेंत घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह सोडण्याचा प्रकार खेड्यापाड्यांत चालतो, आणि त्या तारेला चिकटून माणसें व गुरें मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत वारंवार वाचावयास मिळतात. मरणारा बहुधा चोर नसतो. पाणी सोडावयास गेलेला माळी, वासरामागें धांवणारी बाई, चेंडू आणावयास शिरलेलें पोर, कधीं तर मालकाच्याच घरचें माणूस. आपल्या मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायदा देतो. पण बचावास जरूर असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क तो कोणालाही देत नाहीं. जरूर किती, हें माणूस त्या क्षणीं ठरवूं शकतो. तार ठरवूं शकत नाहीं. असें कुंपण घालणाऱ्यांवर मनुष्यवधाचे खटले झाले आहेत. गवत कापण्याच्या यंत्रापायीं एखाद्याचा जीव घेणें, आणि स्वतः तुरुंगांत जाणें, हा कोणत्याही हिशेबानें तोट्याचाच सौदा होय.

तेव्हां ज्याच्या खोलींत पहिली चोरी झाली आहे त्यानें घाबरून जाऊं नये आणि चिडूंही नये. त्याच दिवशीं फिर्याद द्यावी. शिल्लक राहिलेल्या हलक्या वस्तु घरीं आणाव्यात. शेजाऱ्यांना भेटून क्रमांक द्यावा. त्या आठवड्यांत कडी, बिजागऱ्या, पत्रे व खिडकी आरपार बोल्टांनीं आणि गजांनीं पक्कीं करावींत, आंत सांखळी बसवावी. आणि हें सारें झाल्यावरच नवें यंत्र आणावें, तें अंगावर नांव कोरून आणावें. वर सांगितलेल्या गृहस्थाला मधला दीड महिना मिळाला होता. तो त्यानें जड कुलूप निवडण्यांत घालविला. तेवढ्याच पैशांत आठ बोल्ट, दोन खुंट्या आणि सांखळीचा एक तुकडा आला असता, आणि चोर दुसऱ्या खेपेस आला असतां तरी त्याला ही खोली अनोळखी वाटली असती.